पणजी : ऊन सर्वांचे, घर कुणाचे?

सकाळी साडेसहाच्या सुमारास पणजीच्या मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वाड्यांतून सायकलच्या भोंग्याचा आवाज येतो. पावाची टोपली मागे बांधून पोदेर दारोदार फिरत असतो. खिडकीतून एक हात बाहेर येतो, पाव घेतो आणि खिडकी पुन्हा मिटते. साडेनऊ-दहापर्यंत याच गल्लीत दुसरी वर्दळ सुरू होते. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींसमोर छायाचित्रे काढण्यासाठी मंडळी रांगेने उभी राहतात. सकाळी पाव घेणारी खिडकी आता पार्श्वभूमी झालेली असते. काही दारांवर तर ‘हे राहते घर आहे, कृपया छायाचित्रे काढू नका’ अशा अर्थाच्या पाट्याच लागल्या आहेत.

राहणाऱ्यांचे शहर आणि पाहणाऱ्यांचे शहर असा हा पेच जगातील बहुतेक किनारी शहरांपुढे आहे. पणजीत तो अधिक तीव्रतेने जाणवतो, कारण हे शहर आकाराने लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या अवघी चाळीस हजारांच्या घरात होती. संपूर्ण गोव्याची लोकसंख्या तेव्हा साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२४ या एका वर्षात मात्र राज्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आल्याचे सरकारी आकडे सांगतात. त्यातील सर्वजण पणजीत मुक्काम करतात असे नाही. पण मांडवीच्या काठावर एक फेरी मारल्याशिवाय परतणारे विरळाच. मुंबई-पुण्याच्या माणसाला ओढून आणणारे हे ऊन आणि ही खाडी या शहराला कशी घडवत गेली, आणि त्याच उन्हाच्या ओढीने आता घरांचे काय होत आहे, हे समजून घेतले तर पाहुणा म्हणून वागणेही सोपे जाते.

दलदलीवर उभी राजधानी

पणजी ही मुळात राजधानीसाठी वसवलेली जागा नव्हे. मांडवीच्या मुखाशी आदिलशाहीचा वाडा होता आणि आजूबाजूला वाळूच्या टेकड्या, माड आणि भरतीचे पाणी शिरणारी दलदल. पोर्तुगिजांची राजधानी तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला, आज जुने गोवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरात होती. साथीच्या रोगांनी ते वैभवशाली नगर पोखरले आणि सत्ताधीश हळूहळू समुद्राकडे सरकू लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान आदिलशहाच्या वाड्यात आले. पुढे १८२७ ते १८३५ या काळात कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयने वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदल बुजवली आणि सरळ, काटकोनी रस्ते आखले. २२ मार्च १८४३ रोजी राजाज्ञेने पणजीला ‘नोवा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला.

या इतिहासातील एक गोष्ट आजही पायाखाली आहे. शहराचा मध्यभाग भरावावर आणि सखल जमिनीवर आहे. पूर्वेला रायबंदरकडे जाणारा, सतराव्या शतकात बांधलेला लांबलचक सेतुमार्ग मिठागरे आणि खाजन जमिनींमधून जातो. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली जमीन. बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. भरतीला ते पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. भात, मीठ आणि मासळी या तिन्हींचा हिशेब या एका दारावर चालत असे. मागे आल्तिन्होची टेकडी असल्याने शहराला गोड्या पाण्याचे झरेही लाभले. फोंतेन्हास या नावाचा अर्थच ‘लहान झरे’ असा आहे.

उन्हाशी केलेला तह

पणजीत थंडी अशी पडतच नाही. दुपारचे तापमान वर्षातील बहुतेक काळ तिशीच्या आसपास रेंगाळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा फार चढला नाही तरी हवेतील दमटपणामुळे घामाने जीव हैराण होतो. या उन्हाशी येथील जुन्या घरांनी शहाणपणाने तह केला आहे. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती उष्णता लवकर आत येऊ देत नाहीत. उतरत्या कौलारू छपराखाली उंच पोकळी असते. गरम हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवण्याची पद्धत होती. त्यातून प्रकाश दुधाळ होऊन आत येई, चटका मात्र बाहेरच राही. घरापुढचा बल्काव, म्हणजे बसण्याची सोय असलेला ओटा, हा सावलीचा आणि गप्पांचा हक्काचा कोपरा.

बाकीचे काम वारा करतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून गार हवा येते. हे शाळेच्या पुस्तकातले खारे वारे. रात्री उलट क्रमाने जमिनीवरून मतलई वारे वाहतात. दुपारनंतर मिरामार आणि कांपाल परिसरात या खाऱ्या वाऱ्याचा अनुभव घेता येतो. तोवरचे तास मात्र सहन करण्याचे असतात, आणि म्हणूनच दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळेत अनेक जुनी दुकाने अजूनही बंद असतात. बाहेरच्यांना हा आळस वाटतो. प्रत्यक्षात हा विजेच्या पंख्याच्या आधीपासूनचा हवामानाचा हिशेब आहे. सकाळी लवकर बाजार, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी नदीकाठी पाय मोकळे करणे, हे वेळापत्रक उन्हानेच आखून दिले आहे.

घरांच्या ज्या रंगांची आज छायाचित्रे काढली जातात, त्यांचे नातेही हवामानाशी आहे. चार महिन्यांच्या पावसाने भिंतींवर शेवाळ चढते. पावसाळा संपल्यावर दर्शनी भाग पुन्हा रंगवण्याची शिस्त पोर्तुगीज काळापासून चालत आली. पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याची रूढी असल्याने घरांनी पिवळा, निळा, गेरू असे रंग स्वीकारले. हा रंग टिकवण्याचा खर्च दरवर्षी कुणीतरी आपल्या खिशातून करत असतो, हे छायाचित्रात दिसत नाही.

भरती आणि पाऊस एकत्र आले की

ऊन हा पणजीचा केवळ आठ महिन्यांचा चेहरा. जून ते सप्टेंबर या काळात वर्षभराचा सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. मे महिन्यात घरोघर ‘पुरुमेंत’ भरली जाते. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, लोणची यांची ही पावसाळी बेगमी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते. समुद्र खवळलेला, नदीला पूर, आणि ताटातली ताजी मासळी दुर्मीळ.

या काळात शहराचा जुना भूगोल पुन्हा डोके वर काढतो. पणजीतील पावसाचे पाणी सांतिनेज आणि रुआ द ओरें येथील नाल्यांवाटे मांडवीला मिळते. मांडवी येथे समुद्राच्या इतकी जवळ आहे की भरतीच्या वेळी तिची पातळी वाढते आणि नाल्याचे तोंड अडते. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही. मग बाजारपेठेतील १८ जून रस्त्यावर पाणी साचल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. पूर्वी पाणी मुरवून घेणाऱ्या खाजन जमिनींवर भराव पडले, तसा हा प्रश्न कठीण होत गेला. त्यावर उपाय म्हणून स्मार्ट सिटी योजनेत गटारे, मलवाहिन्या आणि रस्त्यांची कामे हाती घेण्यात आली. पण २०२३ आणि २०२४ मध्ये एकाच वेळी इतके रस्ते खोदले गेले की धुळीने नागरिक त्रस्त झाले. अखेर एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर उतरून पाहणी केली. पाहुणा चार दिवसांनी परततो. धूळ आणि चिखल राहणाऱ्याच्या वाट्याला येतो.

कुलूपबंद घरांचे कोडे

फोंतेन्हासमध्ये फिरताना एक रंगवलेले घर, शेजारी एक पडीक घर आणि त्यापलीकडे एक कॅफे असे दृश्य वारंवार दिसते. त्यामागे कायदा आणि स्थलांतर अशी दुहेरी कारणे आहेत.

गोव्यातील वारसाहक्काची मुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत. आज २०१२ चा राज्याचा स्वतंत्र कायदा लागू असला तरी तत्त्व तेच आहे. मालमत्तेच्या निम्म्या भागावर मुलांचा अबाधित हक्क असतो. आईवडिलांना मृत्युपत्राने तो हिरावून घेता येत नाही, आणि मुलगा-मुलगी असा भेदही नाही. न्यायाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. पण दोन-तीन पिढ्या वाटणी न झाल्यास एका घराला दहा-पंधरा मालक होतात. एक पणजीत, दोन मुंबईत, कुणी लिस्बनला, कुणी लंडनला. त्यातच १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून त्या देशाचे नागरिकत्व मिळवता येते. त्या वाटेने अनेक कुटुंबे युरोपात गेली. छप्पर गळू लागले की खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नाही, आणि विकायचे तर सर्वांच्या सह्या लागतात. मग दाराला कुलूप लागते आणि दर पावसाळ्यात एकेक वासा खाली येतो.

अशा वेळी एखादे घर अतिथिगृह किंवा कॅफे झाले की त्याचे छप्पर शाकारले जाते, भिंती रंगतात. पर्यटकांच्या पैशाने काही जुनी घरे वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक घर अतिथिगृह झाले तर गल्लीत शेजारी उरत नाही. पोदेराला गिऱ्हाईक उरत नाही, वाड्यातील क्रूसासमोर मेणबत्ती लावणारे किंवा मळ्यातील मारुतीच्या जत्रेची तयारी करणारे हात कमी होतात. ज्या जिवंतपणाच्या ओढीने पाहुणा येतो, तोच ओसरतो.

नदीतले दिवे आणि काठावरचे लोक

या दरीचे सर्वांत झगमगते उदाहरण मांडवीच्या पात्रात आहे. सायंकाळी तरंगत्या कॅसिनोंचे दिवे लागतात आणि काठावरील रस्त्यावर वाहनांची रीघ लागते. गंमत अशी की, फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना जुगारासाठी कॅसिनोत प्रवेश करण्यास मनाई आहे. म्हणजे शहराच्या नदीतील सर्वांत मोठे आकर्षण शहरवासीयांसाठी बंद, पण त्यामुळे होणारी वाहतूक कोंडी आणि पार्किंगची ओढाताण मात्र त्यांच्यासाठी खुली. राज्याच्या तिजोरीला मिळणारा महसूल आणि मिळणाऱ्या नोकऱ्या यांमुळे हा प्रश्न कोणत्याच सरकारला सहज सुटलेला नाही.

राहणाऱ्यांची पणजी मात्र याच काठावर वेगळी आहे. बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट लागत नाही. नोकरदार आणि विद्यार्थी तिने रोज पलीकडे ये-जा करतात. १८३२ मध्ये स्थापन झालेले आणि आता पाटो येथे असलेले मध्यवर्ती ग्रंथालय अभ्यास करणाऱ्या मुलांनी भरलेले असते. चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कांपाल येथील कला अकादमी मराठी आणि कोंकणी नाटकांचे माहेरघर ठरली. १८१८ पासूनचे महालक्ष्मी मंदिर आणि नागमोडी पायऱ्यांचे चर्च यांच्यात जेमतेम काही मिनिटांचे अंतर आहे. त्या चर्चची मोठी घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. जुन्या राजधानीचा तेवढा आवाज नव्या राजधानीत अजून ऐकू येतो.

पाहुण्याने काय करावे?

शहराच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतले तर पणजी पाहणे सुखाचे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने हवेच्या दृष्टीने उत्तम. पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळलेला बरा. भटकंती सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर करावी. दुपार खाणावळीतील शीत-कडीसाठी आणि विश्रांतीसाठी ठेवावी. जुने वाडे पायी फिरण्याजोगे आहेत. अरुंद गल्ल्यांत मोटार नेणे म्हणजे स्वतःची आणि रहिवाशांची अडचण. लांब जायचे तर ‘पायलट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परवानाधारक मोटारसायकल टॅक्सीचा पर्याय आहे. मिरामारला पावसाळ्यात आणि जीवरक्षकांनी मनाई केल्यास पाण्यात उतरू नये. नदी आणि समुद्र मिळतात तेथील प्रवाह फसवा असतो. आणि कुणाच्या दारात, पायरीवर किंवा खिडकीसमोर छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. हो म्हटले तर आभार, नाही म्हटले तर पुढची वाट.

अखेर ऊन, वारा आणि समुद्र यांवर कुणा एकाचा हक्क नाही. पण त्या उन्हात सावली धरणारे छप्पर कुणीतरी शाकारलेले असते, भिंत कुणीतरी रंगवलेली असते. संध्याकाळी दिवेलागणीला फोंतेन्हासमधील गर्दी ओसरते, कॅमेरे मिटतात आणि दिवसभर बंद असलेली एखादी खिडकी वाऱ्यासाठी उघडते. ती खिडकी उघडणारे कुणीतरी त्या घरात राहते आहे, तोवरच पणजी हे शहर आहे.