काटा दोन किलो पुढे सरकला, तर?

29 सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. त्या दिवशी ठिकठिकाणी तपासणी शिबिरे होतात, तरुणांना रोज चालायला सांगितले जाते. पण ‘हृदयाचे पंपिंग पंचवीस टक्के’ असा रिपोर्ट घेऊन ज्या घरात बाबा किंवा आजी नुकतेच रुग्णालयातून परतले आहेत, त्या घराने काय करायचे?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेतील डॉ. एस. हरिकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तिथल्या 18 रुग्णालयांत हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदय असे कमी पडल्यामुळे, दाखल झालेल्या 1205 रुग्णांची नोंद ठेवली. पाच वर्षांत त्यांतले सुमारे 59 टक्के दगावले. मात्र ज्यांना शिफारस केलेली औषधे मिळाली, ते अधिक जगले, हेही त्याच नोंदीतून दिसले. म्हणजे हातात काहीच नाही, असे मुळीच नाही.

आणि जे हातात आहे, त्यातले बरेचसे घरातच आहे. माझा सर्वाधिक भरवसा साध्या वजनकाट्यावर आहे. हृदय कमी पडू लागले की अंगात पाणी साचते. धाप लागण्याच्या आधीच ते अनेकदा वजनात दिसते. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचे आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन; पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. झोपताना एक उशी जास्त लागणे, रात्रीचा खोकला, पावलांवर सूज, अन्नावरची वासना जाणे, हीसुद्धा त्याच पाण्याची लक्षणे असू शकतात. ‘वय झालं’ म्हणून ती सोडून देऊ नयेत.

वजनासोबत मिठाकडेही लक्ष हवे. नवरात्राच्या उपासाला सैंधव चालते, म्हणून वेफर्स आणि चिवड्यावर हात सैल सुटतो. पण सैंधवातही सोडियमच असते. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. या आजाराच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर घेतली, तर पाणी आणखी साचते. लग्नाला जायचे, वाटेत सोय नाही, म्हणून लघवीची गोळी चुकवणारे आजोबा घरोघरी आहेत. त्यांना रागावण्यापेक्षा गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

हे सगळे बहुतेक घरांत एकटी सून किंवा बायको सांभाळते. डिस्चार्जच्या वेळी बिलाची फाइल मिळते, पण तिच्याशी अर्धा तास बोलायला प्रशिक्षित परिचारिका मिळत नाही. प्रत्येक मोठ्या हृदयविभागात अशी परिचारिका असायलाच हवी. घरातल्यांनीही पाळ्या लावून घ्याव्यात. वजन लिहिणे मुलालाही जमते.

शेवटचा विषय अवघड आहे. आजार बळावला तर व्हेंटिलेटर हवा का, पुन्हा आयसीयू हवे का, हे रुग्णालाच विचारायला हवे, आणि तेही प्रकृती बरी असताना. 24 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’ची, म्हणजे अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याची, पद्धत सोपी केली; त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आजीसमोर हा विषय काढणे अभद्र वाटते, म्हणून तो टाळला जातो. मग आयसीयूच्या दाराशी, रात्री दोन वाजता, भावंडांना तिच्या वतीने अंदाजाने ठरवावे लागते. तिला विचारणे हा तिचा मान आहे, आणि तो मुलांनी राखायलाच हवा.