विश्लेषण : शंकरपटात परतणारी जोडी थेट ‘अ’ गटात का उतरवू नये?

सुगी आटोपली, कपाशीची शेवटची वेचणी हाताशी आली, की बुलढाणा जिल्ह्यात शंकरपटाची पोस्टर्स मोबाइलवर फिरू लागतात. सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ते ‘अ’ गटाचे बक्षीस. बऱ्याच वर्षांनी पटाची जोडी तयार केलेल्या शेतकऱ्याची नजर साहजिकच तिथे जाते. मात्र नाव कोणत्या गटात नोंदवायचे, हा निर्णय बक्षिसाच्या आकड्यावरून घेतला तर पैसा जातो, जोडी बिघडते आणि कधीकधी बैल कायमचा पटातून बाद होतो. हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

शंकरपट बंद का होता आणि परत कसा आला?

केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनासाठी प्रशिक्षण देण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. त्यानंतर 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली आणि गाडे पुन्हा अडले.

अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात 2022 च्या पावसाळ्याअखेरीस लम्पी त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती पुन्हा काही काळ थांबल्या होत्या.

या खंडाचा जोड्यांवर काय परिणाम झाला?

मे 2014 ते डिसेंबर 2021 म्हणजे साडेसात वर्षे. 2014 मध्ये पाच वर्षांचा, ऐन भरात असलेला बैल 2021 मध्ये साडेबारा वर्षांचा झाला होता. म्हणजे बैलांची एक पूर्ण पिढी पटाविना गेली. त्याच काळात शेतीची कामे ट्रॅक्टरकडे गेली आणि अनेक गोठ्यांतले बैल कमी झाले.

नुकसान फक्त बैलांचे झाले नाही. जोडी जमवणे, बैलाला दानीवर सरळ पळायला शिकवणे, कासरा किती ताणायचा आणि कधी सोडायचा, हे ज्ञान धुरकऱ्याकडून धुरकऱ्याकडे जाते. 2014 मध्ये जो मुलगा वडिलांच्या शेजारी उभा राहून हे शिकला असता, तो 2021 मध्ये तरुण झाला, पण त्याच्या हाताला सराव नव्हता. त्यामुळे आज परतणाऱ्या बऱ्याच जोड्यांत बैल नवा, धुरकरीही नवा आणि मालकाच्या डोक्यात मात्र जुन्या विजयांचा हिशेब असतो. गट चुकतो तो इथेच.

गट म्हणजे नेमके काय? ते कोण ठरवते?

राज्यभर लागू असलेली एकच क्रमवारी शंकरपटात नाही. गट, प्रवेश फी, दानीची लांबी आणि बक्षिसे आयोजक ठरवतात. विदर्भात अनेक पटांत ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे गट असतात. कुठे गावातल्या किंवा तालुक्यातल्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात. ‘दोन दानी’ पटात दोन जोड्या शेजारच्या दोन धावपट्ट्यांवरून पळतात. सेकंदाच्या पटात घड्याळ निकाल देते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटाला लांबलांबून जोड्या येतात.

पश्चिम महाराष्ट्रात बैलाच्या दातांवरूनही गट पडतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. दोन दात साधारण दोन ते अडीच वर्षांत, चार तीन वर्षांच्या आसपास, सहा साडेतीन-चार वर्षांत आणि आठ दात साडेचार ते पाच वर्षांत येतात. आठ दात आले की बैल जुळला असे म्हणतात.

पुणे जिल्ह्यातील घाटातल्या शर्यतींची रीत आणखी वेगळी आहे. तिथे एकेक बारी घड्याळावर सुटते आणि ठरलेल्या सेकंदांत जेवढ्या बाऱ्या बसतील, त्या सगळ्या पहिल्या क्रमांकात येतात. म्हणजे गट आधी न ठरवता धावेवरून ठरतो.

मग आपली जोडी कोणत्या गटाची, हे कसे ओळखायचे?

आधी वेळ मोजावी. पटात ज्या लांबीची दानी असणार आहे, तेवढीच लांबी शेतात आखून, तशाच मातीत, वेगवेगळ्या दिवशी किमान तीन धावा घ्याव्यात. सर्वांत चांगली वेळ धरू नये. तिन्हींमधली सर्वांत वाईट वेळ धरावी. पटाच्या दिवशी गर्दी, डफ-ताशा, लाउडस्पीकर आणि शेजारची अनोळखी जोडी असते. पहिल्यांदा उतरणारा बैल तिथे शेतातली सर्वोत्तम वेळ क्वचितच देतो.

सेकंदाच्या अंशालाही इथे मोल आहे. जोडीचा वेग ताशी 40 किलोमीटर धरला, तर ती एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटरहून थोडे जास्त अंतर पडते. अर्धा सेकंद मागे असलेली जोडी साडेपाच मीटर मागे राहते. एवढा फरक धुरकऱ्याच्या जिद्दीने भरून निघत नाही.

त्यानंतर त्याच आयोजकांच्या मागच्या निकालाशी तुलना करावी. समजा, आपली सर्वांत वाईट वेळ 7.3 सेकंद आहे. मागच्या वेळी ‘क’ गटात पहिला आलेला 7.0 मध्ये आणि पाचवा 7.4 मध्ये आला होता. ‘ब’ गटातला पाचवा 6.7 मध्ये. अशा वेळी आपला गट ‘क’ हे उघड आहे. तिथे जोडीला बरोबरीची लढत मिळेल. ‘ब’ गटात पहिल्याच फेरीत प्रवेश फी, पिकअपचे भाडे आणि दोन दिवस पाण्यात जातील. दोन वेगळ्या पटांच्या वेळांची तुलना मात्र करू नये; दानीची लांबी आणि माती बदलली की आकड्यांचा अर्थ बदलतो.

फक्त वेळ पाहून भागेल का?

नाही. आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, वय. दुसा किंवा चौसा बैल वेगात मोठ्या बैलाला गाठतो, पण त्याची हाडे, सांधे आणि खूर अजून पक्के होत असतात. त्याला वारंवार वरच्या गटाच्या ताणाला घातले, तर तो जुळण्याआधीच पाय धरतो.

दुसरी, जोड. दोन्ही बैल वेगवान असले तरी जोडी वेगवान असेलच असे नाही. एक उजवीकडे ओढणारा, दुसरा सुटताना दचकणारा असेल तर गाडी दानीबाहेर जाते. खिल्लार किंवा गवळाऊ जातीचा चपळ बैल बाहेरून आणून घरच्या बैलाशेजारी जुंपला, तर त्यांची पावले जुळायला वेळ द्यावा लागतो. पहिला हंगाम त्यासाठीच असतो.

तिसरी, माती. बुलढाणेकरांना घाटावर आणि घाटाखाली हा फरक समजावून सांगायला नको. चिखली, मेहकर, लोणारकडची जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी-मध्यम, मुरमाड आहे; नांदुरा, शेगाव, संग्रामपूरकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती आहे. कडक जमिनीवर सराव केलेली जोडी भुसभुशीत दानीवर आली की वेळ वाढते. घाट उतरून किंवा चढून पहिल्यांदाच जात असाल, तर एक गट खालीच नाव द्यावे.

वरच्या गटात उतरवून पाहायला काय हरकत आहे?

हरकत बैलाच्या बाजूने आहे. माणूस आपल्या कुवतीबाहेर खेळला तर हरतो. बैलाला कुवतीबाहेर खेळवले, तर त्याला पळवण्यासाठी माणूस तुतारी उगारतो, शेपूट पिरगाळतो. शर्यतींवर बंदी आली ती याच वागणुकीमुळे. बरोबरीच्या गटात पळणाऱ्या जोडीला आवाज आणि कासरा पुरतो. म्हणून चुकीचा गट ही निव्वळ खेळातली चूक राहत नाही. ती कायदेभंगाकडे नेणारी पहिली पायरी ठरू शकते.

राज्याच्या नियमांनुसार शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि आयोजकाला 50 हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते. धावपट्टी 1,000 मीटरपेक्षा लांब नसावी. पशुवैद्यकाचे तंदुरुस्ती प्रमाणपत्र हवे. एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवता येत नाही. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांना मनाई आहे. शर्यतीचे चित्रीकरणही करावे लागते. नियमभंगाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एका धुरकऱ्याची तुतारी कॅमेऱ्यात आली, तर अडचणीत येतो तो सगळा पट.

इतर खेळांत परतणारे संघ काय करतात?

इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे उदाहरण बोलके आहे. तिथे स्पीडवे हा मोटारसायकलींचा खेळ आहे. ब्रेक नसलेल्या, एकाच गिअरच्या गाड्यांवर चार जण अंडाकृती मातीच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात. ऑक्सफर्डचा क्लब 2007 नंतर बंद पडला आणि पंधरा वर्षांनी, 2022 मध्ये परतला. बंद पडण्याआधी काही काळ तो सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळला होता. तरीही परतताना त्याने दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये प्रवेश घेतला आणि नवोदितांसाठी खालच्या विकास लीगमध्ये वेगळा संघ उभा केला. वरच्या लीगमध्ये ऑक्सफर्डचा संघ उतरला तो 2024 मध्ये, म्हणजे दोन हंगामांनंतर.

तिथे आणखी एक सोय आहे. प्रत्येक चालकाची सरासरी गुणसंख्या नोंदलेली असते आणि संघातल्या सगळ्यांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. त्यामुळे एखादा श्रीमंत संघ सगळे चांगले चालक गोळा करून खालच्या लीगमध्ये मैदान मारू शकत नाही. संघाची ताकद बढाईवरून ठरत नाही, नोंदवहीतून ठरते.

आपल्याकडे अशी नोंद ठेवता येईल का?

येईल, आणि त्यासाठी फार खर्चही नाही. आज पटात दोन तक्रारी नेहमीच्या असतात. नवखी जोडी वरच्या गटात जाऊन चिरडली जाते, आणि मुरलेली जोडी नाव बदलून खालच्या गटात उतरते व बक्षीस घेऊन जाते. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यामुळे ‘क’ गटातल्या छोट्या शेतकऱ्याचा उत्साहच मोडतो.

यावर उपाय बैलाच्या कानातच आहे. सरकारी नोंदणीच्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. बैलाचे नाव, मालक, गाव बदलले तरी हा क्रमांक तोच राहतो. आयोजकांनी प्रत्येक धावेची वेळ, दानीची लांबी आणि दोन्ही बैलांचे बिल्ला क्रमांक एका तक्त्यात लिहून निकालासोबत जाहीर केले, तर दोन-तीन हंगामांत जिल्ह्याची स्वतःची क्रमवारी उभी राहील. मग ‘क’ गटात ठरावीक वेळेपेक्षा जलद पळालेल्या जोडीला पुढच्या पटात ‘ब’ मध्येच प्रवेश, असा नियम लावता येईल.

वर कधी चढायचे?

खालच्या गटात एकदा जिंकणे हे पुरेसे कारण नाही. त्या दिवशी समोरची जोडी अडखळली असेल. तीन वेगवेगळ्या पटांत आपली वेळ वरच्या गटातल्या मधल्या जोड्यांच्या बरोबरीने आली, धाव संपल्यावर बैलाचा श्वास लवकर खाली बसत असेल, दुसऱ्या दिवशी तो लंगडत नसेल आणि वैरण नेहमीसारखी खात असेल, तर पुढच्या हंगामात गट बदलावा. लम्पीतून उठलेला किंवा पायाला दुखापत झालेला बैल असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय कोणत्याच गटात नाव देऊ नये.

बैलाची उमेदीची वर्षे मोजकी असतात. पाचव्या वर्षी जुळलेला बैल पुढे पाच-सहा हंगाम चांगला पळू शकतो. त्यातला एक हंगाम ‘क’ गटात घालवला तर उरलेले हाती राहतात. पहिल्याच वर्षी ‘अ’ गटात पाय गेला, तर एकही राहत नाही.