गाठ दुखत नाही? तरीही दाखवा!

काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण, पुढे बेलवाडीत अश्वांचं. वारीत पायाला फोड आला की बारामती-इंदापूरच्या बाया लगेच औषधाच्या तंबूत जातात. स्तनातली गाठ मात्र ‘दुखत नाही’ म्हणून झाकून ठेवतात. अहो, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही!

मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख महिलांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या महिलांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

कॅन्सर निघालाच, तर माळ, उपास खुशाल करा, धीर येतो. पण केमोला सोबत येणारी जाऊ आणि त्या दिवशी घरी धार काढणारा नवराही हवाच. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.