चित्र हलवायचे, तर आधी हत्यार पारखा!

राखी पौर्णिमेला माझी धाकटी बहीण साताऱ्याहून सांगलीस आली. राखी बांधून झाली, मी पाकीट पुढे केले, तशी ती म्हणाली, "दादा, ओवाळणी राहू दे. तुझ्या भाचीला चार शब्द सांग. हिच्यापायी घरात बापलेकीचा अबोला चालू आहे!"

भाची शेजारीच लॅपटॉप छातीशी धरून बसली होती. भानगड अशी होती, की चित्रकलेची पदविका घेतलेल्या या मुलीला आयुष्यातले पहिले स्वतंत्र काम मिळाले होते. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला आपल्या वेबसाइटवर हळदीची गोष्ट सांगणारी हलती चित्रे हवी होती. शेतातला कंद, हरिपूरची पेवे आणि सुपाने हळद पाखडणारी बाई. मुदत दसऱ्यापर्यंत. त्यासाठी तिने एक महागडे सॉफ्टवेअर हेरले होते आणि त्याची वर्षाची वर्गणी वडिलांनी ठेव मोडून भरावी, असा तिचा हट्ट. वडिलांचे म्हणणे, फुकटात मिळते ते घे. मी पडलो निवृत्त ड्रॉइंग मास्तर; तेव्हा पंचाचे काम माझ्याकडे आले. आज पुष्कळ घरांत असे एखादे मूल आहे, म्हणून आमच्या पंचायतीचा निकाल येथे सांगतो.

संगणकावरचे चित्र दोन तऱ्हांचे असते. एक ठिपक्यांचे. मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट रांगोळी. फार मोठी केली, की ठिपके उघडे पडतात. दुसरी तऱ्हा रेघांची. तिला व्हेक्टर म्हणतात. येथे संगणक ठिपके साठवीत नाही, कृती साठवितो: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असा बाक घेत जा, आत पिवळा रंग भर. म्हणून ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे करा की दुकानाच्या पाटीएवढे, रेघ फाटत नाही. हा बाक मोजण्याची रीत फ्रान्समधील रेनो मोटार कारखान्याचे इंजिनियर प्येर बेझिये यांनी १९६०च्या दशकात मोटारींच्या आकारांसाठी प्रचारात आणली. आज तीच आपल्या हळकुंडाला बाक देते!

आता चित्र हलवायचे, तर ते आधी तोडावे लागते. ही युक्ती सांगलीला नवी नाही. याच गावी १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केले. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. बाहुली करणारा हात, कोपर, मान वेगवेगळी करतो आणि मग सांध्याला जोडतो. भाचीला म्हटले, "तुझी पाखडणारी बाई ही बाहुलीच समज. दंड वेगळा, मनगट वेगळे, सूप वेगळे. आणि प्रत्येक तुकड्याला नाव दे."

तिने केले तसे. पण पहिल्याच चाचणीत बाईचा हात खांद्यापासून हलण्याऐवजी चित्राच्या डाव्या कोपऱ्याभोवती गरकन फिरून पडद्याबाहेर गेला! बहीण हसून हसून बेजार झाली. तुकडा कोणत्या बिंदूभोवती फिरावा, हे सांगितले नाही, तर वेबवर असाच घोटाळा होतो.

आता हत्यारांकडे वळू. इलस्ट्रेटर हे १९८७पासूनचे, मोठ्या जाहिरात कचेऱ्यांतले. ते आता वर्गणीवर मिळते. कोरल ड्रॉ १९८९चे. लग्नपत्रिका आणि फलक करणाऱ्यांच्या हाती ते फार वर्षे रुळले आहे. इंकस्केप २००३ साली सुरू झाले. ते फुकट आहे आणि त्याची घडण सर्वांना खुली आहे. चित्र काढण्यापुरते पाहिले, तर भाचीच्या कामाला तिन्ही पुरेशी होती.

मग निवड कशावर करावी? मी म्हटले, "बाई गं, किंमत नंतर पाहू. आधी हे पाहू, की तुझे चित्र उद्या कोणाच्या कुलपात राहणार?"

यामागे इतिहास आहे. १९९६पासून वेबवरच्या हलत्या चित्रांत फ्लॅशचे राज्य होते. हजारो चित्रकारांनी त्यात जीव ओतला. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेयरचा आधार काढून घेण्यात आला आणि त्या चित्रांपैकी कितीतरी एका रात्रीत मुकी झाली. चित्रकार तोच, चित्र तेच. फक्त ते दाखविणारे यंत्र गेले. याउलट एसव्हीजी नावाची चित्राची पद्धत २००१ साली वेबची नियमावली ठरविणाऱ्या संस्थेने सर्वांसाठी प्रमाण म्हणून मान्य केली. ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचता येते आणि कोणताही ब्राउझर ती दाखवितो. इंकस्केपची मूळ फाइलच एसव्हीजी. इतर दोघांतूनही एसव्हीजी काढता येते. पण त्यांची मूळ फाइल ज्याच्या त्याच्या घरची.

एवढ्यावर वडील जिंकले असे नव्हे. इंकस्केपमध्ये चित्र हलविण्याची सोय नाही. हालचाल वेगळी लिहावी लागते. भाचीने ती ब्राउझरला समजणाऱ्या सीएसएसच्या ओळींनी लिहिली. त्यासाठी तिला तीन आठवडे रात्री जागावे लागले. फुकटच्या हत्याराचे मोल असे मेहनतीत चुकते करावे लागते! शिवाय फोटोवरून आपोआप रेघा उमटविण्याची सवलत तिने घेतली, तेव्हा एका हळकुंडावर शेकडो बिंदू आले आणि चित्र अडखळू लागले. तेच हाताने मोजक्या बिंदूंत काढल्यावर सुरळीत चालले.

मराठी पाटीची काळजी निराळी. जुन्या पद्धतीच्या फाँटांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कडबा होतो. म्हणून युनिकोड फाँट घ्यावा. नक्षीदार मथळ्याच्या अक्षरांच्या रेघा कराव्यात. पण आधी मूळ प्रत जपून ठेवावी, कारण रेघा झालेला मजकूर पुन्हा सुधारता येत नाही.

निकाल असा ठरला: ठेव मोडायची नाही. उद्या एखाद्या कचेरीत नोकरी लागली आणि तेथे इलस्ट्रेटरच लागले, तर त्या पगारातून वर्गणी भरावी. हत्यार कामाच्या मागे यावे, पुढे नव्हे.

दसऱ्याला सोने द्यायला भाची साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आली. मोबाइलवर बाई सूप पाखडत होती आणि हात खांद्यापासूनच हलत होता! "मामा, पैसे मिळाले," ती म्हणाली. "त्यातले थोडे बाबांच्या हाती ठेवले. ते काही बोलले नाहीत, पण सबंध संध्याकाळ चित्र पुन्हा पुन्हा लावून पाहत होते."