विश्लेषण : एका मोबाइलवर वर्गातच चित्रपट कसा तयार होतो?

डिजिटल शाळा म्हटले की भिंतीवरचा टीव्ही आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड डोळ्यांसमोर येतो. त्यात मुले बहुतेक वेळ नुसती पाहत बसतात. मुलांनी स्वतःच काही घडवावे असे वाटत असेल तर शिक्षकाला काय शिकावे लागते? बीड जिल्ह्यातील दोनशिक्षकी शाळेत वापरलेल्या ‘स्टॉप मोशन’ तंत्राविषयी एका शिक्षिकेने लिहिलेला हा अनुभव…

टीव्ही असताना अडचण कोणती होती?

अडचण साधनांची नव्हती. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. परितेवाडीचे (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या त्यांच्या कामाची जगभर चर्चा झाली. आमच्या शाळेतही लोकवर्गणीतून टीव्ही आला. मी व्हिडीओ लावायचे, मुले शांत बसायची आणि मला वाटायचे की शिकवणे चालू आहे. एकदा ‘बीज अंकुरणे’ दाखवून झाल्यावर चौथीतल्या मुलीने विचारले, ‘‘बाई, ह्ये खरंच एवढ्या लवकर उगवतं का?’’ तिने आयुष्यभर शेत पाहिले आहे. तरी पडद्यावरचे पाहून तिला तो प्रश्न पडला, आणि मलाही व्हिडीओ कसा बनतो हे सांगता येईना. मग मटकी भिजवली आणि मोबाइल बाहेर काढला.

स्टॉप मोशन म्हणजे काय?

वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भरभर एकामागून एक दाखवले की वस्तू आपोआप चालल्यासारखी दिसते. सिनेमात साधारणपणे सेकंदाला २४ चित्रे असतात. स्टॉप मोशनला १२ पुरतात, आणि आमच्यासारख्यांना सहाही चालतात. हालचाल थोडी अडखळते, पण मुलांना त्याचे काही वाटत नाही.

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण केले आणि ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. पुढे त्यांनी आगकाड्या हलवूनही एक छोटा चित्रपट केला. ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्गात पहिला प्रश्न आला, ‘‘मग त्यांच्याकडं मोबाइल कुठला होता?’’

मग शिक्षकाला शिकावे काय लागते?

अॅप शिकायला अर्धा तास लागतो. बाकीचे शिकायला मला दोन महिने लागले. या विषयाच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला मी गेले होते. तिथे दिवसभर स्लाइड दाखवल्या गेल्या, मोबाइल मात्र कुणाच्या हातात आला नाही. त्यामुळे चुका शाळेतच झाल्या.

पहिल्या दिवशी मोबाइल हातात धरून फोटो काढले. चित्रपट पाहताना भूकंप झाल्यासारखे वाटले. मग चार विटा रचून त्यात मोबाइल बसवला आणि टेबलावर त्याची जागा खडूने आखून ठेवली. दुसऱ्यांदा ढग आले आणि गेले, त्यामुळे चित्र उजळत-मावळत राहिले. आता खिडकीला पडदा लावून एकच दिवा वापरतो आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व प्रकाश ‘लॉक’ करतो. तिसऱ्यांदा सगळे जमून आले होते, तेवढ्यात ‘तातडीची माहिती’ मागणारा फोन आला, मी मोबाइल उचलला आणि दीड तासाची मेहनत वाया गेली. तेव्हापासून चित्रीकरणाच्या वेळी मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर असतो. त्याबद्दल मी बोलणीही खाल्ली आहेत.

अॅपमधली एक सोय मात्र फार कामाची आहे. आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसत राहतो, त्यामुळे वस्तू किती सरकवायची याचा अंदाज येतो. इंग्रजीत त्याला ‘ओनियन स्किन’ म्हणतात. मुलांनी त्याचे ‘भूत’ केले. ‘‘बाई, भूत लावा’’ असे आता सर्रास ऐकू येते. आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करायचा. वर्गात तो घुमतो, म्हणून बोलणारे मूल आणि मोबाइल दोघांवर गोधडी घालायची.

यात अभ्यासक्रम मागे पडत नाही का?

पहिल्या महिन्यात पडला, हे मान्य करायला हवे. पण अर्ध्या मिनिटाच्या चित्रपटाला सेकंदाला सहाप्रमाणे १८० फोटो लागतात, हा गुणाकार मुलांनी मी न सांगता केला. फळी १२० सेंटिमीटरची आहे, मग प्रत्येक वेळी गाडी किती सरकवायची? दशांश अपूर्णांक तिथे गळी उतरले. संवाद लिहिताना वाक्ये छोटी करावी लागतात, कारण बैल तेवढ्या वेळात विहिरीपर्यंत पोहोचलेला असतो. हे सगळ्या धड्यांना जमत नाही. सत्रात दोन चित्रपट पुरे, असे आता माझे मत झाले आहे.

एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. या चित्रपटांत मुलांचे चेहरे नसतात, फार तर बोटे दिसतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळताना पालकांची पडताळता येणारी संमती लागते. उठसूट मुलांचे फोटो गटांवर टाकण्याची आम्हा शिक्षकांची सवय यामुळे आपोआप कमी झाली.

अपूर्ण राहिलेल्या चित्रपटाचे काय?

तांड्यावरचा एक मुलगा वर्गात बोलत नसे. घरी गोरमाटी, शाळेत मराठी. तो मागच्या भिंतीला टेकून गप्प बसायचा. त्याने मातीचे दोन बैल केले, काडेपेटीची गाडी केली आणि पत्र्याच्या डब्याचा साखर कारखाना. गाडी फळीच्या एका टोकाकडून कारखान्याकडे निघाली. गोधडीखाली त्याने कथा गोरमाटीत सांगितली. ‘याडी’ म्हणजे आई एवढेच आम्हाला कळले. मुलांनी अर्थ विचारून विचारून त्याला इतके भंडावले की तीच कथा त्याने मराठीत सांगितली. त्या दिवशी तो जितका बोलला, तितका आधी दोन वर्षांत बोलला नव्हता.

दिवाळी संपली आणि त्याचे आईवडील ऊसतोडीला निघाले. तोही गेला. गाडी ११२व्या फोटोवर थांबली होती. इकडे ‘मेमरी फुल’चा इशारा येत होता, माहिती भरायचे नवे अॅप बसत नव्हते. मी घरचे लग्नाचे व्हिडीओ काढून टाकले, ते ११२ फोटो ठेवले. वर्गात वाद झाला. काहींचे म्हणणे, आपण पूर्ण करू. एक मुलगी म्हणाली, ‘‘गाडी त्याची हाय, त्याला इचारा.’’

झालेला तुकडा त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवला. तीन दिवसांनी रात्री आवाजी निरोप आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. ‘‘बाई, बैलांना पाणी पाजल्याबिगर पुढं नेऊ नका.’’

आमच्या चित्रपटात हौदच नव्हता. सध्या बाटलीच्या झाकणाचा हौद करण्याचे काम चालू आहे. त्यातले पाणी फोटोत दिसत नाही, म्हणून निळा पतंगाचा कागद शोधतो आहोत.