कॅरिनासाठी एक रात्र

दुपारी 4. चिलीतले सान पेद्रो दे अटाकामा, मार्चचा मध्य, अमावास्येच्या आसपासचे दिवस. उंची सुमारे 2,400 मीटर आणि हवा इतकी कोरडी की दवाची काळजी नको. बॅटऱ्या चार्जिंगला, फिल्टर ब्लोअरने स्वच्छ.

रात्री 8:30. आता खरे कष्ट. उत्तरेला ध्रुवतारा धरून माउंट लावायची सवय आपल्याला. दक्षिण ध्रुवाजवळ आहे तो सिग्मा ऑक्टँटिस, पाचव्या प्रतीहूनही अंधूक. शेजारच्या तीन ताऱ्यांसह त्याचा वाकडा चौकोन होतो, तो पोलर स्कोपमधल्या खुणांवर बसवायचा. स्क्रू पाव फेरा फिरवा, बघा, पुन्हा फिरवा. इथे घाई केली, तर पहाटेपर्यंत प्रत्येक तारा लांबट येतो.

9:15. अगस्त्य उंच आलाय. आग्नेयेला कॅरिना तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सुमारे 7,500 प्रकाशवर्षे दूर असलेल्या या मेघाची नोंद लाकायने 1752 मध्ये केप ऑफ गुड होपहून केली. हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर, पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर. पहिल्याच फ्रेममध्ये धुळीचे काळे खांब उठून दिसतात. आजूबाजूचे तरुण, तापलेले तारे आपल्या प्रारणाने ते झिजवताहेत आणि दाट गाभ्यांत नवे तारे जन्म घेताहेत.

12:45. मेघ मध्यमंडलावर. माउंट पलटते, केबल कुठे अडकत नाही ना, हे टॉर्चच्या लाल उजेडात बघायचे. मग ऑक्सिजनचा फिल्टर.

2:00. आता फक्त काही सेकंदांची एक्स्पोजर, मधल्या ईटा कॅरिनीसाठी. 1843 मध्ये हा तारा आकाशात तेजाने दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता. त्या उद्रेकातला वायू आजही त्याच्याभोवती पसरतोय. बाहेरची लाली खुलवण्याच्या नादात अनेक चित्रांत हाच भाग पांढराफटक जळलेला असतो. मला ते पटत नाही. कॅरिनाचा फोटो काढायचा आणि ईटा घालवायचा, म्हणजे मुख्य गोष्टच गाळणे.

4:30. मेघ नैर्ऋत्येला उतरला. टोपण लावून डार्क फ्रेम, उजाडताना फ्लॅट्स, मग झोप.

दुपारनंतर स्टॅकिंग. छोटी एक्स्पोजर मोठ्यांत मिसळताना गाभ्याला सर्वाधिक वेळ देतो.

गोव्यात किंवा सिंधुदुर्गात असाल, तर मार्चअखेरीस रात्री अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असलेली अंधारी जागा गाठा. क्षितिजापासून जेमतेम 14-15 अंशांवर हा मेघ असतो. दुर्बीण जरूर न्या.