आपली भुई, आपला पाऊस आणि आपला ऊस



ऊस नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो. “साहेब, बोअर पाचशे फूट गेलं, पाणी लागंना. अजून दोनशे फूट खाली घालावं का?” प्रश्न पैशाचा आहे, पुष्कळदा कर्जाचाही आहे. तेव्हा तो उडवून लावणे बरे नव्हे. पण उत्तर देण्याआधी आपण कोणत्या भुईवर व कोणत्या आभाळाखाली शेती करतो, हे समजून घेऊ.

किल्लारीचा परिसर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. आपली तेरणा धाराशिव जिल्ह्यातील डोंगरात उगम पावते, आपल्या भागातून पुढे जाऊन मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. माकणीजवळ निम्न तेरणा धरण आहे. डोंगर बुटके, नदी लहान. तेव्हा जे पाणी आहे ते आपल्याच भागातल्या पावसाचे.

आणि पाऊस किती? पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवरच रिते होतात. कोल्हापूरकडील गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपण सह्याद्रीच्या आडोशाला. आपल्याकडे चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणजे ७० ते ८० सेंटिमीटर. तोही मृगात पडला तर आर्द्रात दडी मारतो, आणि खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर. तो चुकला की काय होते ते आपण पाहिले आहे. १९७२ सालचा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

आता साधा हिशेब करू. सुरू उसाला मोकाट पाणी दिले तर सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते. आडसालीला साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे पावसाचा एक थेंबही वाहून गेला नाही असे धरले, तरी एक एकर सुरू ऊस तीन एकरांहून जास्त रानावरचा पाऊस पितो. हे वरचे पाणी धरणातून, नाही तर भुईतून येते. भुईत ते किती आहे, हाच मूळ प्रश्न.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदे. ३ वाजून ५६ मिनिटांनी ती सारी खाली आली आणि जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने अभ्यासासाठी किल्लारीतच ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात वरचे ३३८ मीटर, म्हणजे सुमारे अकराशे फूट, थरावर थर काळा पाषाणच निघाला. त्याखाली पातळ गाळाचा थर आणि मग त्याहून कितीतरी जुना कठीण खडक.

काळा पाषाण वाळूसारखे पाणी धरीत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, दोन थरांमधल्या सच्छिद्र दगडात आणि भेगांत. ते वरून मुरते तेवढेच असते. खोल गेल्यावर एखादी भेग लागते, पण बहुधा तिच्यातले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचे किंवा मागल्या वर्षांचे साठलेले असते. ते दोन उन्हाळ्यांत संपते. तेव्हा प्रश्नाचे उत्तर हे, की आणखी दोनशे फुटांचा खर्च म्हणजे जुगार. तोच पैसा ठिबक, विहीर पुनर्भरण व बांधबंदिस्तीला घाला. ठिबकाने चाळीस ते पन्नास टक्के पाणी वाचते.

रानही पारखून घ्या. माळावर वीतभर मातीखाली मुरूम असेल तर तिथे ऊस नको, तूर-सोयाबीन बरी. तेरणाकाठची खोल काळी उसाला चांगली, पण पाणी जास्त झाले की चोपण होते. तिथे निचऱ्याचे चर हवेत.

आपल्या हवेचा एक फायदाही आहे. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने व थंड रात्रींनी उसात साखर भरते, उतारा वाढतो. मात्र त्याच थंडीत लावलेले टिपरे उशिरा उगवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा उभ्या उसाचे वजन घटते. म्हणून परतीचा पाऊस झाल्यावर १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण आपल्याला सोयीची. उन्हाळ्यापूर्वी ऊस चांगला सावरतो. खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. ओल टिकते.

शेवटी एवढेच सांगणे आहे. हस्त निघून गेला की विहिरीचे पाणी मोजा. गेल्या एप्रिलमध्ये मोटार किती तास चालली ते आठवा. मग लागणीचे एकर ठरवा. पाच एकर लावून दोन वाळवण्यापेक्षा तीन एकर नीट जोपासलेले बरे. त्यात सभासदाचेही भले आणि कारखान्याचेही.

आपला,
ऊस विकास अधिकारी